सुलू, चिकटपणा की आकार?

सुलू, तुझा कावळा लगेच शिवला.

रामकुंडावर भाऊजी पिंड ठेवून मागे सरकले न सरकले, तोच एक कावळा उतरला, भाताला चोच मारली आणि गेला. पाठोपाठ दुसरा आला. सगळ्यांनी हुश्श केलं. तुझ्या मोठ्या नणंदेनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "बघा, काही मागे ठेवलं नाही हो हिनं. सगळं पुरं करून गेली." शेजारी एक कुटुंब आपल्या पिंडापाशी केव्हाचं ताटकळत उभं होतं, ते आमच्याकडे हेव्यानं बघत होतं. आणि मला काय झालं सांगू? मला राग आला. तू गेल्यापासून पहिल्यांदा मला काही वाटलं असेल, तर ते हे. म्हटलं, बाई गं, एवढी कसली घाई? आपला आकडा ठरलेला नाही, लेख कपाटात पडलाय, आणि तुझी म्हणे एकही इच्छा मागे राहिली नाही?

तुझा आणि माझा या कावळ्यांवर काडीचा विश्वास नाही, हे मला माहीत आहे. तरी राग आला तो आलाच.

नंतर परत काही वाटेना. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो ना, मग गाल आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं माझं चाललंय. कॉलेजात जाते, तास घेते, प्रॅक्टिकलच्या वह्यांवर सह्या करते. लोक भेटायला येतात, "तुमची काय जोडी होती," म्हणतात, मी "हो ना" म्हणते आणि चहा टाकते. रडू येत नाही. तुझ्या नणंदेनं तर कोणाला तरी सांगितलंही, "त्या रत्ना मॅडम फार खंबीर आहेत." खंबीर कसली! बधिर झालेय मी, दुसरं काही नाही.

मधे एकदा भाऊजी घरी आले. अंबडच्या वर्कशॉपमधून थेट आले होते, हाताला तेलाचा वास होता. ओट्यावर बसले. मग म्हणाले, "मॅडम, एक विचारू? इतकी वर्षं दर शनिवारी ती तुमच्याकडून चिडून घरी यायची. मी कधी विचारलं नाही, मला कळणार नाही म्हणून. तुम्ही दोघी नेमकं भांडत कशावरून होतात?"

बघ, तुझा नवरा आणि तू त्याला इतक्या वर्षांत हे सांगितलं नाहीस. मी सांगितलं. कसं सांगितलं ते तुलाही सांगते, चुकलं असेल तर टोक मला.

म्हटलं, भाऊजी, दोन अणूंची केंद्रकं जोरात एकमेकांवर आपटली की कधी कधी त्यांचं एक होतं. भयंकर तापलेलं. ते तसं टिकत नाही. हळूहळू लांबट होतं, मधे कंबर बारीक होते, आणि फुटून त्याचे दोन होतात. फुटायच्या वाटेवर ते न्यूट्रॉन टाकत जातं, कधी प्रोटॉन, कधी अल्फा कण. आता गंमत अशी, की जुन्या हिशेबानं फुटण्याआधी जितके न्यूट्रॉन बाहेर पडायला हवेत, त्यापेक्षा प्रयोगात कितीतरी जास्त सापडतात. ते कुठून आले? मी म्हणायचे, केंद्रकाच्या आतला माल चिकट आहे, काकवीसारखा. आकार बदलताना ती हालचाल आतल्या आत घासते, तिची उष्णता होते, म्हणून फुटायला उशीर होतो. उशीर झाला की न्यूट्रॉनला निसटायला वेळ मिळतो. सुलभा म्हणायची, उशीर होत असेल, नाही कोण म्हणतंय, पण तुम्ही न्यूट्रॉन बाहेर काढताय ते गोल केंद्रकातून. ते गोल उरलंय कुठे? लांबट झालेल्या केंद्रकातून बाहेर पडायची किंमतच वेगळी असते.

भाऊजी म्हणाले, "म्हणजे तेल घट्ट आहे की भांड्याचा आकार वेगळा आहे, एवढंच?"

"एवढंच."

"आणि ह्यावर इतकी वर्षं?"

"हो."

ते हसले. मग हसता हसता उठले आणि चपला घालून निघून गेले. चहा तसाच राहिला.

मला आठवतं, ती आकाराची भानगड तुझ्या डोक्यात पहिल्यांदा शिरली तो दिवस. आपल्या फिजिक्सच्या विभागात तेव्हा तो एकच कॉम्प्युटर होता, भिंतीला लागून, वर मळकं कव्हर. त्याच्यावर आपला सगळा हिशेब चालायचा. तुला सवय होती, प्रोग्रॅमचे कागद छापून घ्यायचे आणि फरशीवर मांडून त्यांच्यामधे मांडी घालून बसायचं. साडीचा पदर खोचलेला, तोंडात पेन. मी वरून बघत होते. एकदम तू हसायला लागलीस.

"काय झालं?"

"अगं, इकडे बघ. ह्या पानावर हा लांबट झालाय. कंबर बिंबर सगळं. आणि त्या पानावर न्यूट्रॉन सोडायची वेळ आली की परत गोल! मधे काय व्यायाम केला का ह्यानं?"

मी म्हटलं, सगळे असंच करतात. फुटण्याचा हिशेब करताना आकार घ्यायचा आणि कण सोडण्याचा हिशेब करताना गोल धरायचं, सोपं पडतं. तू म्हणालीस, "सगळे करतात म्हणून काय झालं? एकाच वेळी हा लग्न झालेला पण आणि ब्रह्मचारी पण?" तुझं ते वाक्य पुढे विभागभर झालं. शिपायालाही माहीत होतं.

त्या दिवसापासून तू हट्टाला पेटलीस. लांबट केंद्रकातून न्यूट्रॉन काढायला किती ऊर्जा लागते, अल्फा काढायला किती, कणाला अडवणारी भिंत टोकाशी किती खुजी होते, कमरेपाशी किती उंच, सगळं नव्यानं मांडायला बसलीस. मी म्हणायचे, जाऊ दे गं, चिकटपणा नीट बसवला की सगळे आकडे जुळतात. तू म्हणायचीस, "जुळतात म्हणजे खरे असतात का? तू मापात नसलेला ब्लाउज पण पिना लावून घालतेस." भांडायला तू कधी आवाज चढवला नाहीस, हा तुझा खरा दुष्टपणा. ओरडायचे मी. आणि मी ओरडले की तू शांतपणे फुंकर मारत चहा प्यायचीस.

मुंबईची ती परिषद आठवते? लेखावर दोघींची नावं होती, बोलायला तू उभी होतीस. शेवटच्या स्लाइडवर माझा निष्कर्ष होता, चिकटपणाचा. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "बाई, इतका मोठा चिकटपणा तुम्हाला पटतो का?" आणि तू त्या भरल्या सभागृहात, माईकवर म्हणालीस, "हे तिचं मत आहे. माझं नाही." लोक हसले. अध्यक्ष हसले. मी मागच्या रांगेत बसले होते, मला वाटलं धरणी फाटावी आणि मी आत जावं.

परतीच्या बसमध्ये मी तुझ्याशी एक अक्षर बोलले नाही. कसारा घाट चढून झाला, तरी नाही. इगतपुरीला गाडी थांबली तेव्हा तू खाली उतरलीस, दोन वडे घेऊन आलीस, एक माझ्या नाकासमोर धरलास. म्हणालीस, "घे. आणि ऐक. आजपासून नियम. दोघींना पटल्याशिवाय दोघींच्या नावानं काही बाहेर जाणार नाही. एकीला जरी नाही पटलं तरी नाही. चालेल?" मी वडा घेतला. मिरची तिखट होती, डोळ्यांत पाणी आलं, तुला वाटलं मी रडतेय. रडत होतेही थोडी. तेव्हा यायचं बरं का मला रडू.

त्या नियमानं आपलं किती नुकसान झालं, हे लोक मला अजून ऐकवतात. बढतीच्या वेळी प्राचार्यांनी विचारलं, "इतकी वर्षं काम करताय, मग लेख का नाही?" तू म्हणालीस, "हिला पटत नाही." मी म्हणाले, "हिला पटत नाही." ते म्हणाले, "तुम्ही दोघी बाहेर जा." बाहेर येऊन आपण जिन्यात बसून हसलो होतो, बढती गेली त्याचं काही नाही.

पलटीची कल्पनाही तुझीच. एका शनिवारी मी इतकी तावातावानं बोलत होते की तू हात वर करून म्हणालीस, "थांब. तू माझं ऐकतच नाहीयेस, तू तुझ्या पुढच्या वाक्याची वाट बघतेयस. आपण बाजू बदलू. आज तू आकाराची वकील, मी चिकटपणाची. आणि वकिली खरी करायची. गालात हसायचं नाही, डोळा मारायचा नाही." ती सुरुवात. मग दर शनिवारी अर्धा दिवस कॉलेज सुटलं की प्रकाशाच्या प्रयोगांची ती काळ्या पडद्यांची खोली, दोन स्टुलं, आणि पलटी. तू चिकटपणाची बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडायचीस, हे सांगणं अजून माझ्या जिवावर येतं. माझ्या म्हणण्यात जिथे भोकं होती तिथे तू ठिगळं लावायचीस, आणि मग मलाच ती फाडायला लागायची. बोलून झालं की जिची पाळी ती म्हणायची, "पलटी संपली." तेवढं म्हटलं की आधीचं सगळं वकिली, पुढचं खरं मत, असं ठरलं होतं. एकदा तू ते म्हणायची विसरलीस आणि मी रविवारभर या आनंदात होते की तुला पटलं. सोमवारी तू म्हणालीस, "हॅट, पलटी होती ती." मी तुला डस्टर फेकून मारलं होतं.

ह्याचा उपयोग फार झाला, हे खरं. तुझ्या बाजूनं बोलता बोलताच मला कळलं की तू चिकटपणा नाकारत नव्हतीस. नुसता आकार घेतला आणि चिकटपणा शून्य धरला तर न्यूट्रॉन कमी पडतात, हे तुलाही दिसत होतं. आणि माझ्या बाजूनं बोलताना तुला कळलं असेल, की आकारानं फरक पडतो हे मीही मानत होते. भांडण 'किती' ह्याचं होतं. तुझं म्हणणं, जे तू चिकटपणा म्हणून विकतेस त्यातला मोठा वाटा आकाराचा आहे. माझं म्हणणं, आकाराचा वाटा किरकोळ. एका आकड्याचं भांडण.

माझ्या आईला मात्र तू हे सगळं एका संध्याकाळी समजावून मोकळी झालीस. मखमलाबादच्या मळ्यात आलो होतो, आई चुलीपाशी भाकरी-पोळीचं बघत होती, बाहेर झेंडूच्या पाट्या भरून ठेवलेल्या. आई म्हणाली, "काय गं पोरींनो, शिकल्या-सवरल्या तुमी, आन् सवतींवानी भांडता?" तू कणकेचा गोळा उचललास, दोन्ही हातांनी ओढत गेलीस. "हे बघा काकू, हे असं लांब होतं. मधे बारीक होतं. मग तुटतं. ही म्हणते पीठ चिकट म्हणून तुटायला वेळ लागतो."

"बरोबरे की तिचं."

"पण काकू, लांब झाल्यावर त्याच्यावरचं पीठ झडतं ते वेगळ्या जागेवरून झडतं ना?"

आईनं तो गोळा तुझ्या हातातून काढून घेतला. "लय झालं. माझी कणीक वाया नका घालवू. तोडायचं आसंल तर तोडा, ओढता कशाला?"

परवा आईला सांगितलं की तू गेलीस. ती फुलं ओवत होती, सुई थांबली नाही तिची. थोड्या वेळानं म्हणाली, "पोळ्या लय पातळ लाटायची ती." मग म्हणाली, "तू जेवली का?" मी म्हटलं, जेवले. जेवले नव्हते.

आता त्या शनिवारचं.

कावीळ म्हणून तू दाखल झालीस आणि निघालं भलतंच, ते सगळं मी इथे उगाळत नाही. तुलाही आवडायचं नाही. मी रोज येत होते, पण शनिवारी आले ती दुपारी आले, कॉलेज सुटल्यावर, आपल्या वेळेला. भाऊजी खिडकीपाशी खुर्चीत होते, पेपर वाचत. तुझे डोळे पिवळे, हात काटकीसारखा. तू मला जवळ बोलावलंस आणि बोलायला लागलीस. इतकं स्पष्ट बोललीस की मी दचकलेच.

म्हणालीस, "रत्ने, मी पुन्हा विचार केला. चिकटपणाच आहे. खिंड ओलांडल्यावर, फुटेपर्यंत जो उतार लागतो ना, तिथे केंद्रक फार रेंगाळतं. तिथेच न्यूट्रॉन जातात. आकाराचं मी फार मोठं केलं. तुझा आकडा ठेव."

मी म्हटलं, "पलटी का?"

तू डोळे मिटलेस. हसलीस की तोंड वाकडं झालं दुखण्यानं, मला कळलं नाही. तेवढ्यात नर्स आली सलाईन बदलायला, तिनं मला बाहेर जायला सांगितलं. मी परत आत आले तेव्हा तुला झोप लागली होती. मी थांबले थोडी. भाऊजी म्हणाले, "जा तुम्ही, उद्या बोला." उद्या तू कोणाशीच बोलण्यासारखी नव्हतीस. परवाही नाही. आणि मग नाहीच.

पलटी संपली, असं तू म्हणाली नाहीस.

म्हणजे ते खरं होतं की पाळी होती? शनिवार होता. वेळ आपली होती. पाळी तुझीच होती, मागच्या वेळी मी केली होती. पण आजारपणात आपण किती शनिवार चुकवले, पाळी कसली राहिलीय त्यात? की तू दमली होतीस आणि म्हटलंस, जाऊ दे, हिला एकदा जिंकू द्यावं? हे जर तू केलं असशील ना सुलू, तर मी तुला कधी माफ करणार नाही. मला दया म्हणून दिलेला आकडा नको होता. तू माझ्याशी आयुष्यभर खरं भांडलीस, हे एकच माझ्याजवळ आहे.

ह्या सगळ्यात भाऊजींनी मागणं मागितलं. तेरावं झाल्यावर, पंगत उठल्यावर, मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तो तुमचा लेख पाठवून द्या. तिचं नाव छापून येऊ दे एकदा. मुलीला दाखवता येईल." मी म्हटलं, "भाऊजी, आमचं ठरलेलं नाही अजून. शेवट लिहायचा राहिलाय." ते म्हणाले, "ठरलं की. मी तिथेच होतो. ती म्हणाली, तुझा आकडा ठेव. माझ्या कानांनी ऐकलं मी."

त्या माणसाला मी पलटी कशी समजावू? जो ऐकून होता तो साक्षीदार, आणि साक्ष माझ्या बाजूची. मी "बरं" म्हटलं असतं की काम झालं असतं. लेख तयार, निष्कर्ष माझा, खाली तुझं नाव, आणि कोणी विचारलंच तर तिनं शेवटच्या दिवसांत मान्य केलं होतं हो. इतकं सोपं. माझ्या डोक्यात ते आलं नाही असं मी म्हणणार नाही. दोन दिवस मी तेच घेऊन फिरत होते. पण मग डोळ्यांसमोर ती मुंबईची माईकवरची तू. हे तिचं मत आहे, माझं नाही. आता कुठून म्हणशील? मेलेल्या माणसाच्या तोंडून आपलं म्हणणं वदवून घ्यायचं, हा मला चोरीपेक्षा घाणेरडा प्रकार वाटला.

आणि तेव्हाच दिल्लीहून आकडे आले. तूच मागवले होते, आजारी पडण्याआधी, मला न सांगता. तिथल्या प्रयोगशाळेतल्या एका मुलीनं विभागाच्या पत्त्यावर ईमेल पाठवली: मॅडम, तुम्ही मागितलेली फुटण्याआधीच्या अल्फांची मोजणी सोबत आहे, उशिराबद्दल क्षमा करा. मी कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत बसून ते वाचलं. शेजारी दोन पोरं गेम खेळत होती, धाडधाड आवाज. तिला उत्तर लिहायला घेतलं की तू नाहीस, आणि लिहिलं, "धन्यवाद, मिळाले." एवढंच लिहिलं.

तू अल्फा का मागवलेस ते मला लगेच कळलं. इतकी वर्षं आपण न्यूट्रॉनवर भांडत होतो, आणि न्यूट्रॉनचं काय, मी चिकटपणा वाढवला की जुळायचे, तू आकार घातलास की जुळायचे. दोघी खऱ्या. पण अल्फाला विद्युतभार असतो, त्याला आकार आधी जाणवतो. आणि केंद्रक तर एकच. त्याला न्यूट्रॉनसाठी एक चिकटपणा आणि अल्फासाठी दुसरा, असं चालत नाही. तू शांतपणे सापळा लावून ठेवला होतास.

दुसऱ्या दिवशी सकाळचे तास संपवून बसले. मधे दोनदा वीज गेली, तो यूपीएस ठणाणा करत होता, पहिल्यापासून सुरू करावं लागलं. आधी माझी बाजू चालवली. केंद्रक गोल धरून, चिकटपणा भरपूर. न्यूट्रॉन अगदी बरोबर. अल्फा बघितले तर ढीगभर! मोजलेल्यापेक्षा कितीतरी जास्त. साहजिकच आहे, उशीर झाला तर तो सगळ्यांसाठीच होतो, दार उघडं ठेवलं की न्यूट्रॉनही जाणार आणि अल्फाही. मी चिकटपणा कमी करून अल्फा खाली आणले, तर न्यूट्रॉन कमी पडले. वर-खाली, वर-खाली. जमेना.

मग तुझी बाजू. तू मांडून ठेवलेले लांबट आकाराचे सगळे आकडे घातले. एकटीच होते, पण मोठ्यानं बोलत होते, तुझ्या वतीनं. लांबट झालं की न्यूट्रॉन सुटायला थोडी कमी ऊर्जा लागते. अल्फासाठी टोकाशी भिंत खुजी होते खरी, पण त्याला केंद्रकातून सोडवायचीच किंमत वाढते, आणि ती वाढ भिंतीला पुरून उरते. म्हणून उतारावर केंद्रक रेंगाळलं तरी अल्फा फारसे जात नाहीत, न्यूट्रॉन जातात. चिकटपणा माझ्या आकड्याच्या खूप खाली आणला. दोन्ही जुळले, एकाच चिकटपणात.

चिकटपणा आहे सुलू. शून्य नाही. पण मी म्हणत होते त्याच्या जवळपासही नाही. मोठा वाटा तुझ्या आकाराचाच निघाला. मी हरले. परत एकदा चालवून पाहिलं, परत हरले. मान वळवून "बघ" म्हणायला गेले, आणि मग पडद्यावर बघत बसले. आनंद नाही, राग नाही. हे असं व्हायला नको होतं. तू समोर असताना मी हरले असते तर काय थयथयाट केला असता मी! काय काय खुसपटं काढली असती! तू चहावर फुंकर मारत बसली असतीस. आता मी हरले आणि विभागात पंखा फिरत होता.

संध्याकाळी भाऊजींना फोन केला. म्हटलं, लेख पाठवतेय, पण शेवट तिचा लावलाय. ते गोंधळले. "पण ती तर तुमचं म्हणत होती ना?"

"हो. पण बरोबर तिचं निघालं."

"मग जिंकलं कोण?"

"सुलभा."

ते म्हणाले, "तिला सांगायला पाहिजे होतं हो." आणि तो एवढा मोठा माणूस फोनवर लहान मुलासारखा रडायला लागला. मी रिसीव्हर कानाला धरून उभी होते. मला त्याचा हेवा वाटला.

आता एक गोष्ट राहिली, आणि ती मी कोणाला सांगू शकत नाही, तुलाच सांगते. त्या शनिवारी ती पलटी असेल, तर तू होतीस तिथेच होतीस, मी तुझ्याकडे आले, आपलं एकदाचं जमलं. पण तू जर खरं बोलत असशील, खरंच तुझं मत बदललं असेल, तर बघ काय होऊन बसलंय. तू माझ्या बाजूला आलीस, आणि तोवर मी उठून तुझ्या बाजूला गेले. म्हणजे आपलं अजूनही पटलेलं नाही. तुझ्याच नियमानं लेख जाऊ शकत नाही.

मी तो काल पाठवला. दोघींच्या नावानं, आकाराचा निष्कर्ष लावून, तुला पटलंय की नाही हे माहीत नसताना. नियम मोडला मी. पोस्टातून घरी आले, हात धुतले, पोळ्या केल्या, जेवले. तुला पटलं नसेल तर चूक म्हण. कोणीतरी मला चूक म्हणा गं, सगळे माना डोलावतात. ये, आणि भांड माझ्याशी.